आशीर्वादाची बांगडी

माघातलं ऊन. केशराच्या पाण्यात धुतलेलं, अजून कोवळं, अजून कुणाचंच न झालेलं. कोल्हापुरातल्या त्या स्टुडिओच्या पटांगणात ते उतरलं, आणि चंदेरी फळ्या धरून उभ्या असलेल्या माणसांनी त्याला अलगद वळवून सरदाराच्या महालात सोडलं. महाल कापडाचा. खांब पुठ्ठ्याचे. वृंदावन पोकळ. खरं होतं ते एवढं ऊनच. आणि तेही वळवलेलं.

त्या वळवलेल्या उन्हात नीलांबरी बसली होती.

नीलांबरीच्या हाताची ख्याती मोठी. कमलनालासारखा तो हात ती पुढे करी आणि समोरच्याकडे पाहत नसे. हात इथे, नजर दूर, कुठल्याशा गवाक्षापल्याड, कुठल्याशा निळ्या उदासीनतेत. त्या एका अदेवर गावोगावची थिएटरं निःश्वास टाकत. ‘रक्तातच असावं लागतं हो हे!’ जाणती माणसं म्हणत. मासिकांतही तसंच छापून आलेलं: सरदार घराण्यातली पोरकी कन्या, आई बालपणीच निवर्तलेली. छापवलं स्टुडिओनं. तिनं फक्त वाचलं, आणि मासिक मिटलं.

आता रक्ताचंच विचाराल, तर रक्तात बांगड्यांची टोपली होती.

कागलच्या कासारगल्लीतली हौसा ती. आई तानूबाई, कासारीण. दवभिजल्या वाटेनं मायलेकी निघत. आईच्या डोक्यावर टोपली, टोपलीत काचेचं इंद्रधनुष्य. मागे हौसाची इवली पावलं, किणकिणाटाच्या तालावर. मोठ्या घरच्या सोप्यावर आई मांडी घालून बसे. आतून लेकीसुना येत, हात पुढे करत, आणि कासारणीच्या तोंडाकडे न बघता पलीकडे बघत राहत. कोपऱ्यातली हौसा ते डोळ्यांनी पिऊन घेई. घरी आली की हुबेहूब करून दाखवी.

तानूबाई हसून हसून लोळे. “अगं सटवे, इनामदारीणबाई झालीस की! मग आता नमस्कार कोण करणार, तुझी सासू?”

कारण रीतच तशी. काकणं चढली की भरून घेणारीनं कासारणीला नमस्कार करायचा, मग ती राणी असो की मोलकरीण. आणि कासारणीनं वर एक बांगडी द्यायची, न मागता, आशीर्वादाची. पलीकडे बघणाऱ्या त्या ताठ माना शेवटी अशा खाली येत. हौसा तर आईच्या गुडघ्यावर कपाळच टेकवी, आणि बांगडी मिळेपर्यंत उचलत नसे.

एका जत्रेत सिनेमावाल्यांनी तिची ती नक्कल पाहिली. आधी दासी झाली, मग सखी, मग राजकन्या. हौसाची नीलांबरी झाली. आईला बोलावणं धाडायचं उद्यावर गेलं. उद्याचे ऋतू झाले, ऋतूंची वर्षं झाली. कीर्तीच्या पायऱ्या चढताना माणूस खाली बघत नाही. चक्कर येते म्हणतात. आम्हाला विचाराल तर चक्कर नाही, ओळख येते.

आज चुडा भरण्याचा प्रसंग होता. दिग्दर्शक सबनिसांचा हट्ट, कासारीण खरीच हवी. मॅनेजर कुठून कुठून शोधून घेऊन आला. पांढरे केस, गोंदलेलं कपाळ, विटकं लुगडं, डोक्यावर टोपली.

तानूबाई.

नीलांबरीला लाज वाटली. त्या लुगड्याची, त्या गोंदणाची, त्या भेगाळल्या टाचांची. मग त्या लाजेची लाज वाटली. आणि ही दुसरी लाज पहिलीहून तापलेली होती, भट्टीतल्या काचेसारखी, लाल, वितळती, कुठंच न ठेवण्याजोगी.

“बाईसाहेब, हात द्या.”

तिनं हात दिला. आणि नजर, ती ख्यातकीर्त नजर, पलीकडे गेली.

तानूबाईनं अंगठ्याखालचं हाड हलकेच दाबलं. पाण्यावरून पान सरावं तसं हिरवं काकण मनगटावर सरलं. मग दुसरं. मग तिसरं.

“अहो मावशी, माप तरी बघा!” सबनीस हसले. “ओळखता की काय आमच्या बाईंना?”

सगळं पटांगण हसलं. नीलांबरीच्या ओठांशी एक शब्द आला. इवला शब्द, जगातला पहिला. आला, आणि उंबऱ्याशीच थबकला.

“न वळखायला काय झालं, सायेब?” तानूबाई म्हणाली. “शिनेमात बघितलंय की. समदं कागल बघतंय.”

शब्द परत फिरला.

चुडा भरून झाला. नमस्कार दोन्ही कर जोडून, मान किंचित लववून, असं ठरलेलं. पण शरीर जुनं निघालं. कपाळ थेट त्या गुडघ्यावर जाऊन टेकलं, आणि तिथंच राहिलं. लुगड्याला तोच वास, लाखेचा, उन्हाचा, दूरच्या वाटांचा. कुणी न सांगता, कुणी न मागता, मनगटावर आणखी एक बांगडी चढली.

“कट! कट!” सबनीस ओरडले. “बाई, सरदाराची लेक कासारणीपुढे अशी लोळण घेते होय? रुबाब हवा, रुबाब!”

तिनं मान वर केली. ऊन थांबलेलं. अजून सांगता आलं असतं. सबनीस, ही माझी आई, एवढंच तर.

तिनं डोळे टिपले. “चुकलं माझं,” ती सबनिसांना म्हणाली. “पुन्हा घेऊ.”

तानूबाई काकणं उतरवू लागली, काचेला न दुखवता, मनगटाला न दुखवता. वरचं एक तेवढं तिनं पदराआड कोपराकडे सारलं, आणि वाकल्या वाकल्या पुटपुटली, “नमस्कार पोचला गं तुझा. आता पुढचा त्यांचा.”

पुढचा सुरेख झाला. मान किंचित लवली, नजर पलीकडे गेली, सबनिसांनी टाळी वाजवली. पडद्यावर गेला तो हाच, आणि गावोगावची थिएटरं निःश्वास टाकत राहिली.

ऊन कललं. चंदेरी फळ्या खाली ठेवल्या गेल्या, सिनेमाचा चुडा उतरवला गेला, आणि महाल विझला. फाटकाबाहेर टोपलीचा किणकिणाट दूर गेला. आधी झऱ्यासारखा, मग पैंजणासारखा, मग नुसत्या आठवणीसारखा.

रिकाम्या महालात नीलांबरीनं तोंड झाकलेला हात खाली सोडला. कोपराशी थांबलेली बांगडी घरंगळत मनगटावर आली. हिरवी. एकटी. वाजायला बांगडीला बांगडी लागते. ती वाजली नाही.