वारा लई चांगला

आश्रुबा एरवी अशा थापा मारायचा, की ऐकून धारूरच्या किल्ल्यालाही पाय फुटावेत. पण वाऱ्याच्या बाबतीत गडी कधी खोटं बोलला नाही. धरणाच्या पश्चिम काठावर त्याचं शेत. वारा आधी तिथं यायचा, मग पाण्यावर. म्हणून त्याला फोन लावल्याशिवाय भागवत पाण्यात उतरत नसे.

भागवत पर्यटकांना कयाक, म्हणजे ती शेंगेसारखी निमुळती होडी, चालवायला शिकवायचा. माणूस इतका जपून वागणारा, की जाकिटाचे पट्टे आवळल्याशिवाय तो पाण्याचा तांब्याही तोंडाला लावत नाही, असं आश्रुबाच सांगत सुटे.

त्या दुपारी आश्रुबा हरभरा उपणत होता. तीन दिवस पान हललं नव्हतं. बायको छबुबाई वाट बघून वैतागली होती. आणि सुटला की वारा! भूस लांब, दाणे पायाशी. तेवढ्यात पलीकडच्या काठावरून भागवतचा फोन.

"काका, वारा कसा हाय?"

"लई चांगला हाय बाबा! असाच राहू दे म्हणावं."

"मग निघतो."

आश्रुबानं आणखी चार पाट्या उपणल्या. पाचवी वर धरली, आणि हात तसेच राहिले. खळ्यावरचा चांगला वारा म्हणजे पाण्यावरचा काळ! त्यानं फोन लावला. नुसता वाजत राहिला. वल्हं धरलेले हात फोन कसा उचलणार?

मासेमारांनी भागवतला बाहेर काढलं, तेव्हा दीड तास झाला होता. जाकिटानं जीव राखला. पण उलटलेल्या होडीला लटकून खांदा असा गेला, की डावा हात आता वर जात नाही. वल्हं सुटलं ते कायमचं.

आठवड्यानं माणसं त्याला बघायला जमली.

"काय आश्रुबा," शेजारच्या रामेश्वरनं विचारलं, "तुमी असून ह्यो पाण्यात उतरला कावून?"

आश्रुबा बोलायच्या आत भागवत म्हणाला, "काकांनी नको म्हणलं होतं. मीच ऐकलं न्हाई."

"मोठ्याचं ऐकावं बे!" रामेश्वर त्याला म्हणाला.

आश्रुबानं मान हलवली. "न्हाई रं," तो म्हणाला, "मीच म्हणलो, वारा लई चांगला हाय."

"झाली ह्यांची थाप सुरू!" रामेश्वरनं मांडीवर थाप मारली. सगळे हसले. चहा घेऊन आलेली भागवतची बायको योगिता, तीही हसली.

भागवत तेवढा हसला नाही.