भरल्या कट्ट्याचं माप

दौलतराव गेले आणि त्यांची साडेतीनशे सीसीची गाडी आसेगावच्या घरी ताडपत्रीखाली गेली. यंदा त्यांच्या मुलानं, प्रसेनजितनं, ती बाहेर काढली. त्याची नोकरी कारंज्याला, खोलीही तिथंच. आईकडं येणं फक्त रविवारपुरतं. पण दसऱ्याला आईला नागपूरला दीक्षाभूमीवर न्यायचंच, असा त्यानं हट्ट धरला होता.

आईबाबा दरवर्षी याच गाडीवरून जायचे. बाबा गेल्यावर मात्र आई, केशरबाई, एकदाही गेली नव्हती. विचारलं की म्हणायची, कंबर दुखते, धक्के सोसत नाहीत. एसटीनं चल म्हटलं तर तेही नको. जाईन तर फटफटीवर, नाहीतर घरीच बरी.

धक्क्यांवर इलाज असतो, हे प्रसेनजित बाबांच्या हाताखालीच शिकला होता. त्यानं पुढचे फोर्क उघडले, काळं पडलेलं तेल काढलं, गळके ऑइल सील बदलले आणि लांबच्या प्रवासासाठी मिळतात तशा नव्या स्प्रिंगा घातल्या. मागचे शॉकअपही नवे बसवले. बाबा असते तर आधी नाक मुरडलं असतं आणि मग कुणी बघत नाही असं पाहून गाडीवरून हात फिरवला असता.

स्प्रिंगा किती कसायच्या याची बाबांची एक रीत होती. फोर्कच्या चकचकीत नळीला दोरा बांधायचे आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक मारायचे. केशरबाई पिठाच्या हातांनीच यायची, मागं बसायची. गाडी जेवढी दबेल तेवढा दोरा वर सरकायचा. भरला कट्टा आहे, धान्याचं पोतंच, कसावं लागेल, असं बाबा म्हणायचे. मग ती त्यांच्या पाठीत धपका घालायची आणि शर्टावर पिठाची पाच बोटं उमटायची. ती बोटं आठवली की प्रसेनजितला आजही भरून येतं.

या वेळी मात्र आई दोऱ्यासाठी बसेना. झालं की सांग म्हणाली आणि आत निघून गेली. मग या पठ्ठ्यानं काय करावं? सोयाबीनचा भरला कट्टा मागच्या सीटवर बांधला, स्वतः पुढं बसला, दोरा सरकला त्या बेतानं स्प्रिंगा कसल्या आणि कसून झाल्यावर दोरा थांबला तिथं खूण केली. शेजारच्या बेबीताईनं विचारलंसुद्धा, की मायला नेणार होतास ना, मग हे काय बाजारात नेतोस. पण बाबांनीच सांगून ठेवलेलं माप ते, चुकणार कसं, असं त्याचं गणित.

उन्हं उतरल्यावर केशरबाई पांढरं लुगडं नेसून आली. दोघं फाट्यापर्यंत गेले. गाडी दगडासारखी ताठ. प्रत्येक खड्ड्याला आई सीटवरून उडत होती. घरी येऊन उतरली आणि म्हणाली, "राहू दे, प्रसेन. मले नाही जमत."

प्रसेनजितचं तोंड उतरलं. त्यानं पुन्हा दोरा बांधला आणि हातापाया पडून आईला बसायला लावलं. दोघं बसले, उतरले. दोरा कट्ट्याच्या खुणेच्या बराच खाली राहिला होता. पुन्हा बसवलं, पुन्हा तेच.

तेव्हा कुठं त्यानं आईकडं नीट पाहिलं. पोलक्याच्या बाह्या दंडावर ढगळ लोंबत होत्या. गळ्याची हाडं वर आली होती. दर रविवारी हिच्याच हातचं जेवून तो जात होता आणि हे त्याला दिसलं नव्हतं. रोज फोनवर विचारायचा, जेवली का. ती हो म्हणायची आणि हा निर्धास्त. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

"माय, तू जेवत नाही का वं?"

"जेवतो ना. तू येतं त्या दिवशी." ती सीटवरची धूळ पदरानं पुसत राहिली. "तुह्या बाबाच्या मागं एकल्या जिवासाठी चूल पेटवू नाही वाटत रे."

प्रसेनजितनं स्प्रिंगा ढिल्या करायला पाना उचलला होता, तो खाली ठेवला.

"म्या ढिल्या नाही करत," तो म्हणाला. "दसऱ्यापर्यंत दोरा त्या खुणेले लागला पाह्यजे."

"मंग तू बी रोज इथंच येत जाय जेवाले."

प्रसेनजितनं मनात अंतर मोजलं. कारंजा तसं काही लांब नव्हतं. गाडीवर तर नव्हतंच. त्यानं पाने गोळा केले, हात धुतले आणि आत जाऊन चूल पेटवली.