संकष्टीला ट्रफलचे वेफर्स

संकष्टीच्या दुपारी माझा भाचा यशोधन सिटी सेंटरमधून एक काळं, चकचकीत पाकीट घेऊन आला. "मावशी, प्रीमियम वेफर्स आहेत, ट्रफल फ्लेवरचे. बटाटाच तर आहे, उपवासाला चलता है!"

पाकीट उशीसारखं फुगलेलं आणि आत मूठभर वेफर्स. तेवढ्या पैशांत मी उन्हाळ्यात गच्चीभर वेफर्स वाळत घालते, आणि त्यांना मीठ-तिखटापलीकडे काही लागत नाही. तरी पोराचं मन मोडू नये म्हणून एक तोंडात टाकला. बंद ट्रंकेतल्या गोधडीचा वास! वर ह्याचं चालूच, "हळूहळू खा मावशी, टेस्ट नंतर येते."

नंतर कसली येतेय? पाणी पिऊन मी विचारलं, "हे ट्रफल म्हणजे काय रे?"

"मशरूम असतं एक," तो ऐटीत म्हणाला. "जमिनीखाली उगवतं. बहुत महंगा आता है."

म्हणजे चंद्र उगवायच्या आत ह्या शहाण्याने मला बुरशी खाऊ घातली होती.

"गाढवा," मी म्हटलं, "उपवास मोडायचाच होता, तर फूलबागेजवळच्या गाडीवरून गरम कचोरी आणायची होतीस. पाप तरी चवीचं झालं असतं!"