ब्रेकला पाजलेलं तेल

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप आहे आणि थांबण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, असं मी परवा दुपारपर्यंत सगळ्यांना ऐकवत होते. परवा दुपारी उतारावर मालकाने ब्रेक दाबला, आणि मी ऐकलंच नाही.

माझा मालक काचा बसवतो. खिडक्यांच्या, शोकेसच्या काचा मी इतक्या अलगद पोचवायचे की गिऱ्हाइकं त्याला सोडून माझ्याच बॉनेटवर शाबासकीची थाप मारायची. पुढे वय झालं. थांबताना मागची चाकं किंचाळायला लागली.

"दादा, तुझी गाडी थांबते की कुणाला चिरडते?" मालकाची बहीण म्हणाली.

ते दादाच्या जिव्हारी लागलं. त्याने बायकोच्या शिलाई मशीनची तेलाची बुधली उचलली आणि ब्रेक ड्रमच्या मागच्या भोकातून मला यथेच्छ पाजली. चाकं गप्प! दादा खूश. मीही खूश, खोटं कशाला सांगू?

मग ब्रेक उशिरा लागायला लागले. मिस्त्रीने जॅक लावला, चाक काढलं, ड्रम ठोकून ठोकून उतरवला. आतले ब्रेक शू, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारे पट्टे, तेलाने चिंब. चाकाजवळचं ब्रेक ऑइलचं छोटं सिलिंडर त्याने तपासलं. ते बाहेरून कोरडं होतं, म्हणजे तेल तिथून गळत नव्हतं.

"म्हणजे ॲक्सलचं सील गेलंय. आतलं तेल इकडे झिरपतंय."

त्याने ॲक्सल, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, बाहेर ओढला, सील बदललं, नवे शू घातले. नवे शू जरा कुरकुरले. दादाने घरी येऊन पुन्हा बुधली काढली. मी सांगणार कशी? मला हॉर्न आहे, पण तो दुसऱ्याने दाबावा लागतो.

परवा बहिणीच्या पार्लरचं उद्घाटन होतं. भिंतभर आरसा माझ्या पाठीवर, त्याला घट्ट धरून बहीण मागेच उभी. पार्लर उताराच्या तळाशी, आणि दारात खुर्च्या टाकून पाहुणे बसलेले.

दादाने ब्रेक दाबला. मागची चाकं साबणावरून घसरल्यासारखी फिरतच राहिली. पुढचे ब्रेक एकटे झुंजले, तापले, धुरकटले.

"दादा, हळू!"

"हळूच चालवतोय!"

"मग दुकानं का पळतायत?"

दादाने हँडब्रेक ओढला. तोही मागच्याच ब्रेकवर चालतो. खुर्च्या जवळ आल्या. पाहुणे पांगले. एक आजोबा मात्र उठायचं सोडून कपातला चहा सांभाळत बसले. दादाने खटकन पहिला गिअर टाकला, मी गुरगुरले, आणि त्याने मला बांधकामाच्या वाळूच्या ढिगात घुसवलं.

आजोबा शाबूत. आरसा शाबूत. बहीणही शाबूत, फक्त भुवयांपर्यंत वाळू.

मिस्त्रीला बोलावलं. त्याने ड्रम उघडून तेलाला बोट लावलं, वास घेतला.

"ॲक्सलच्या तेलाचा वास नाकात झोंबतो. हे तर मशीनचं तेल! ब्रेकला तेल कोणी घातलं?"

"मीच," दादा म्हणाला, अजूनही थोड्या अभिमानाने. "नेमाने घालतो."

मिस्त्री वाळूतच बसला.

मित्रांनो, आमच्यावर माया करा, पण ब्रेकला तेल पाजू नका. ब्रेक घासतो म्हणून तर गाडी थांबते. आम्ही ओरडलो तर का ओरडतो ते बघा, आमचं तोंड दाबू नका.

मग आरसा उतरवायला घेतला. एक टोक मिस्त्रीने धरलं, दुसरं दादाने.

"दादा, आधी कान पकड," बहीण म्हणाली.

दादाने दोन्ही हातांनी कान पकडले. आरसा फुटला.