मी रडत नाही, शिवतेज

कारुण्य कोकिळा म्हणतात मला. नाव बाईचं, पण मी नर आहे. आणि करुण तर मुळीच नाही. साळुंकीपेक्षा थोडा बारीक, राखाडी अंगाचा. पावसाळ्यात फलटणच्या उसाच्या बांधावर बसून दिवसभर शीळ घालतो. माणसांना ते रडणं वाटतं. अहो, मी बायको शोधतोय.

माझा जन्म परक्या घरट्यात झाला. आई वटवट्या या चिमुकल्या पक्ष्याच्या घरट्यात अंडं टाकून निघून गेली. डोळे उघडायच्या आत मी बाकीच्या पिल्लांना पाठीनं ढकलून दिलं. ती अंगठ्याएवढी वटवटी मात्र मलाच अळ्या भरवत राहिली. मी एवढा वाढलो, की शेवटी तिला माझ्या पाठीवर उभं राहून भरवावं लागलं. तेव्हा भावाच्या मायेबद्दल मी न बोललेलंच बरं. तरी बोलतो.

यंदा श्रावणात मी मनुबाईंच्या बाभळीवर बसलो. त्यांचा थोरला वीरधवल लष्करात होता. जेठात तिकडेच गाडीच्या अपघातात गेला. मी शीळ घातली की मनुबाई फडक्यात भाकरी बांधून बांधावर यायच्या, बसून राहायच्या आणि बांधलेली भाकरी तशीच परत न्यायच्या.

धाकट्या शिवतेजनं हे चार दिवस पाहिलं. हा रडका पक्षी आईला खुळी करणार म्हणाला, आणि पाचव्या दिवशी गोफण घेऊन आला. नेम बेताचाच. पहिला दगड उसात गेला, दुसऱ्यानं शेपटीचं एक पीस नेलं. तिसरा भरला, तेवढ्यात मनुबाईंनी हात धरला.

"मारू नगं त्याला. दादा सुट्टीवर आला की हितनं अशीच शीळ घालायचा, भाकरी घिऊन ये म्हनून. त्यो न्हाई, ठावं हाय मला. पाय ऐकत न्हाईत रं."

शिवतेज गोफण टाकून तिच्याशेजारी बसला.

"मी हाय की, आये. माझी भाकरी कोन आननार?"

मनुबाईंनी फडकं सोडलं. दोघं जेवली.

दादाच्या त्या शीळ घालण्यावरून मला एक जुनं भांडण आठवलं. दोन पावसाळे या उसातून एक नर मला उलट शीळ घालायचा. लय भांडलो त्याच्याशी, पण तो कधी दिसला नाही. यंदा त्याचा आवाज नाही, म्हणून आपणच जिंकलो असं समजून मी छाती फुगवून बसलो होतो.

आता भादवा सरत आलाय. थोड्या दिवसांत माझी शीळ बंद होईल. शिवतेज, त्याआधी एकदा तू घालून बघ. चुकली तरी चालेल. मी भांडायला येतो.