दुसरी पिशवी

मी एक पेशी बोलतेय. डोळे बारीक करून शोधू नका, दिसणार नाही मी. तुमच्या नखाच्या टोकावर माझ्यासारख्या हजारो जणी मांडी घालून बसल्या तरी तुम्हाला खाजसुद्धा सुटायची नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणतात ना, त्यातली मी. काम पहारेकरणीचं. पाच वर्षं मुक्काम एका स्टीलच्या पिंपात, शून्याच्या खाली दीडशे अंश. थंडी कशाला म्हणतात ते मला विचारा. तुमचं काय, पंखा जरा वाढवला की चादर शोधता.

वय विचारू नका. मला मोजता येत नाही. शिकले कमी.

म्हणजे शाळेत गेले होते, नाही असं नाही. जन्म हाडाच्या पोकळीतल्या मगजात. तिथून रांगत निघाले ते थेट छातीच्या मधल्या हाडामागे, तिथे आमची शाळा. फार कडक. दोनच परीक्षा. पहिली, परका ओळखता येतो का. दुसरी, घरच्याच्या वाटेला जात नाहीस ना. शंभर बसल्या तर दोन-तीन पास. नापास झालेल्यांना घरी पाठवत नाहीत तिथे, संपवूनच टाकतात. मी दुसऱ्या परीक्षेत काठावर सुटले. शेजारणीचं बघून लिहिलं म्हणा हवं तर, आता कोण विचारतंय!

नेमणूक मिळाली गळ्यात. आणि काय गळा, बाई!

माझी मालकीण, म्हणजे जिच्या अंगात मी राहायचे ती, बस-स्थानकावर माइकवरून गाड्या सांगायची. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली उशिरा, कोणाचं पोर सापडलंय, कोणाची छत्री. तुम्ही आवाज कानांनी ऐकता. मी भिंतीतून ऐकला. ती "प्रवाशांनी लक्ष द्यावं" म्हणाली की माझ्या चारी बाजूंनी घर थरथरायचं, आणि मला गुदगुल्या व्हायच्या. ऊबही अशी, की बस्स. पुढच्या साऱ्या जन्मात तशी ऊब मिळाली नाही.

खोड्या मी तेव्हापासूनच करायचे. एखादा फालतू जंतू आत आला, की तीन जणींचं काम. मी तीनशे जणींना हाक मारायची. सगळ्या धावत यायच्या, गर्दी व्हायची, गळ्याशी लिंबाएवढी गाठ सुजायची आणि मालकिणीचा आवाज बसायचा. तोही नेमका मोठे साहेब तपासणीला येणार असतील त्या दिवशी.

"आई, आज तू बेडकासारखी बोलतेयस," लेक म्हणायची.

"मग आज बेडूक गाड्या सांगेल. तू आधी तुझ्या शाळेत वेळेवर पोच." आणि मिठाच्या गरम पाण्याच्या गुळण्या सुरू. आम्हाला काय, फुकटची आंघोळ!

एवढं हसले, आता जे हसण्यासारखं नाही ते सांगते.

आमची चुलत भावंडं आहेत, तीही पांढऱ्याच पेशी. जंतूंना चिकटवायच्या चिकट्या, म्हणजे तुमची प्रतिपिंडं, बनवतात. गरीब, कामसू माणसं. त्यातला एक बिघडला. त्यानं काम सोडलं आणि नुसती पोरंच काढत सुटला. त्याच्या पोरांना पोरं, त्यांना आणखी. मी त्याच्या दारावरून शंभरदा गेले असेन. घरचाच ना! शाळेत तेच तर घोकून घेतलं होतं, घरच्याच्या वाटेला जायचं नाही. एकदा संशय आला, म्हणून वळून जवळ गेले. तर त्यानं माझा हात हातात घेऊन असा गोड दाबला, की मला झोपच लागली. पहाऱ्यावर झोपले मी. जागी झाले तेव्हा मालकिणीच्या मानेत, काखेत, पोटात गाठी होत्या, आणि डॉक्टरांनी त्यांना कर्करोग म्हटलं होतं.

औषधांचे पूर आले. माझ्या कितीतरी मैत्रिणी त्यात वाहून गेल्या. गाठी वितळल्या, पुन्हा आल्या. पुन्हा औषध, पुन्हा गाठी. मालकिणीचे केस गेले, आवाज चिरका झाला. मग डॉक्टर म्हणाले, "आता एकच वाट राहिली. तुमच्याच पेशी बाहेर काढू, शिकवू, परत आत सोडू. या उपचाराचा पाच वर्षांचा अभ्यास चालू आहे, खात्री देत नाही."

"माझ्या पेशींना शिकवणार?" मालकीण म्हणाली. "बघा बाई, त्या माझ्यावरच गेल्या असतील."

एका यंत्रानं तिच्या एका हातातून रक्त घेतलं आणि दुसऱ्या हातातून परत आत सोडलं. चार तास. सगळे परत गेले, आम्हाला तेवढं बाजूला काढलं.

मला न्यायला आलेली प्रयोगशाळेतली मुलगी जाड भिंगांची होती. मी तिचं नाव चष्मेवाली ठेवलं. तिच्याकडे एक रीत होती. कुठलीही पिशवी हलवायची तर दोघांनी मोठ्यानं वाचायचं. एकानं पिशवीवरचा नंबर आणि जन्मतारीख वाचायची, दुसऱ्यानं कागदावरची, आणि जुळलं की म्हणायचं, "बरोबर." त्याशिवाय बोटही लावायचं नाही. एकट्यानं वाचलं, की डोळा मनातलंच वाचतो म्हणे. त्या दिवशी पिशवीवरचं तिनं वाचलं, आणि हातातल्या पट्टीवरचं खुद्द मालकिणीनं.

"बरोबर," मालकीण म्हणाली.

तिचा आवाज मी पहिल्यांदा बाहेरून ऐकला. किती लांबून आल्यासारखा वाटला!

पुढे मला म्हातारपणी पुन्हा शाळेत घातलं. दात काढून टाकलेला एक विषाणू आला, त्यानं माझ्या पोटात एक चिठ्ठी सरकवली. ती वाचून मला एक नवा हात फुटला, बिघडलेल्या भावंडांच्या अंगावरची खूण बरोबर पकडणारा. तीच खूण चांगल्या भावंडांच्याही अंगावर असते. त्यांचाही जीव जाणार होता. ते ऐकून मी तो नवा हात दोन दिवस पाठीमागे लपवून ठेवला.

मग चष्मेवालीनं आम्हाला उबेत ठेवून खाऊपिऊ घातलं. मी एकीच्या दोन झाले, दोनांच्या चार, चारांच्या कोट्यवधी. आता यात मूळची मी कोण, ते मलाच ठाऊक नाही. तुम्हाला तरी म्हातारपणी आरशात बघून कुठे ओळख पटते!

सगळ्यांना दोन पिशव्यांत भरलं. पहिली मालकिणीसाठी. दुसरी राखीव, पुन्हा गाठी आल्याच तर. मी दुसरीत. नंबर दोन्हींवर एकच, मालकिणीचा, सतरा.

पहिलीतल्या पोरींनी आत जाऊन असा धिंगाणा घातला, की मालकीण चार दिवस तापानं फणफणली. लेकीला "तुम्ही कोण?" विचारायला लागली. इकडे पिंपात माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पिंपाचं सगळं बघायचे ते काका. जाड हातमोजे घातलेले, मनानं मऊ. पाचव्या दिवशी चष्मेवाली धावतच आली.

"काका, सतरा नंबरच्या बाईंनी आज लेकीला ओळखलं!"

"आणि गाठी?"

"विरघळताहेत."

काकांनी झाकणावर थाप मारली. "ऐकलंस का गं, सतरा? बहिणींनी नाव काढलं तुझ्या."

आणि त्याच क्षणी मला माझं नशीब कळलं. मालकीण बरी राहिली तर मला बोलावणं येणार नाही. बोलावणं आलं, तर ती बरी नाही.

आता सांगा, काय मागायचं मी? रोज वाटायचं, घरी जावं. त्या गळ्यात, त्या उबेत, एकदा "प्रवाशांनी लक्ष द्यावं" म्हणताना घर थरथरावं. आणि रोज स्वतःलाच दटावायचं, गप बस म्हातारे, तुझं घरी जाणं म्हणजे तिचं मरण दारात येणं. दर सहा महिन्यांनी तिच्या रक्ताचा कागद यायचा. चष्मेवाली वाचायची, "थोड्या आहेत, पण आहेत आत." माझ्या बहिणींबद्दल बोलायची ती. मला आनंद व्हायचा. हेवाही वाटायचा. दोन्ही खरं.

तिसऱ्या वर्षी फोन आला. मालकिणीच्या मानेत गाठ लागत होती. पिशवी तयार ठेवा.

काकांनी मला वर काढलं. चष्मेवालीनं पिशवीवरचं वाचलं, काकांनी कागदावरचं. "बरोबर." मला प्रवासाच्या गारढोण डब्यात ठेवलं. आणि मी, काय सांगू तुम्हाला, मी खूश झाले. घर! गळा! मनातल्या मनात मी गाणं म्हणत होते. चष्मेवाली मात्र चष्मा काढून पुसत होती. पुसून झाला तरी पुसतच होती. तिच्याकडे बघितलं तेव्हा कुठे माझी मला लाज वाटली. जिच्या जिवाला मी जपायचं, तिच्या दुखण्यावर मी नाचत होते.

दुपारी पुन्हा फोन आला. चष्मेवालीनं ऐकला आणि चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"परत ठेवा काका. सुईनं तपासलंय. साधी सूज आहे. सर्दीची गाठ."

सर्दीची गाठ! लिंबाएवढी! कोणीतरी तीन जणींच्या कामाला तीनशे जणींना हाक मारली होती. माझ्याच जागेवर बसून, माझीच खोडी. मी पुन्हा पिंपात उतरले. रडले का हसले, ते गोठल्यावर कळत नाही.

आणि आज पाच वर्षं झाली. अभ्यास संपला. यापुढे ही पिशवी कोणाच्या अंगात सोडायची परवानगी नाही. सकाळी मालकीण आली, लेक सोबत. लेक आता आईपेक्षा उंच.

"हेच का ते पिंप?" मालकीण म्हणाली. "मला वाटलं, काचेचं कपाट असेल. आमच्या माइकच्या खोलीतलं पाण्याचं पिंपसुद्धा याच्यापेक्षा रुबाबदार आहे."

चष्मेवालीनं कागद पुढे केला. दोन चौकोन. नष्ट करा, किंवा संशोधनाला द्या.

लेकीचा चेहरा उतरला. "ठेवता नाही का येणार? समजा, पुन्हा काही झालं..."

"झालं तर नव्या काढू. आता वाटा पुष्कळ आहेत," चष्मेवाली म्हणाली. "आणि बाई, एक सांगते. याच अभ्यासातल्या एका शिंपीकाकांच्या पेशी चार महिन्यांत दमून संपल्या. तुमच्या अजून टिकून आहेत. का, ते आम्हाला माहीत नाही. या पिशवीत बघायला मिळालं तर..."

मालकिणीनं लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. "अगं, आत आहेत त्या पहाऱ्यावर. या बिचाऱ्या पाच वर्षं थंडीत नुसत्या बसून आहेत. त्यांना काम तरी मिळू दे." आणि तिनं दुसऱ्या चौकोनात खूण केली.

काकांनी मला वर काढलं. चष्मेवालीनं पिशवीवरचं वाचलं. कागद उचलायला काका वळले, तर मालकिणीनं तो आधीच घेतला होता.

"मी वाचते. वाचणारा पगारीच पाहिजे, असं कुठे लिहिलंय का?"

"नाही लिहिलेलं," चष्मेवाली हसली.

मालकिणीनं घसा साफ केला. "प्रवाशांनी लक्ष द्यावं. नंबर सतरा, पिशवी दुसरी." सगळे हसले. मग तिनं जन्मतारीख वाचली. ती माझ्याकडे बघत राहिली. दिसत काहीच नव्हतं तिला, बर्फाचा चपटा तुकडा फक्त.

"बरोबर," ती म्हणाली.

आवाज बसलेला होता. किंचित, बेडकासारखा. आज गळ्यात कोणीतरी उगाच गर्दी जमवली होती.

मला तेवढं पुरलं.

आता मला कोमट पाण्यात सोडताहेत, बर्फ सुटावा म्हणून. पाणी किती गरम ठेवतात माहितीय? माणसाच्या अंगाइतकं. चष्मेवालीनं दोनदा तपासून घेतलंय. थोड्या वेळानं मी भिंगाखाली असेन, आणि ती पोर मला विचारत बसेल, तू दमली का नाहीस. मला बोलता आलं असतं, तर सांगितलं असतं, तो आवाज पुन्हा ऐकायचा होता म्हणून.

तुमचा आवाज कधी बसला, तर गुळण्या करा, आणि आतल्या म्हातारीला शिव्या घालू नका. गाठ राहिलीच, तर मात्र भीत न बसता दाखवून घ्या. घरचाच बिघडला तर कसा ओळखायचा, ते आमच्या शाळेतही शिकवत नाहीत.

येते मी. पाणी छान आहे. अगदी घरच्यासारखं.