चुकीच्या उत्तरांची वही

आधीच सांगून ठेवते, मला संस्कृत येत नाही. शाळेत तीन वर्षं होतं, ते घोकून काढलं आणि परीक्षा झाल्यावर मोकळी झाले. माझं काम कपडे दुरुस्तीचं. कुणाची पँट आखूड करायची, कुणाच्या कोटाचं अस्तर बदलायचं, कुणाची चेन बसवून द्यायची. मशीन पुढच्या खोलीत, खिडकीपाशी. आणि मशीनच्या समोर, आरामखुर्चीत, माझे सासरे.

सासऱ्यांनी छत्तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं आणि त्याच्या दुप्पट वेळ कोडी जमवली. प्रहेलिका म्हणायचं त्यांना, कोडी म्हटलेलं खपायचं नाही. जुन्या पोथ्यांतून, म्हाताऱ्या शास्त्र्यांच्या तोंडून, कुठून कुठून आणलेल्या दोनशे चाळीस. एकेका कार्डावर एकेक श्लोक, खाली मराठीत अर्थ. काहींचं उत्तर श्लोकाच्या पोटातच लपलेलं, काहींचं बाहेर शोधायचं. पण उत्तर एकाही कार्डावर नाही. उत्तर लिहिलं की प्रहेलिका मेली, असा त्यांच्या गुरूंचा दंडक होता. गुरूंनी यांना तोंडी सांगितली, यांनी आणखी कुणाला तरी सांगायची. तो आणखी कुणी काही मिळाला नाही. माझा नवरा बापाचा आवाज चढला की चपला घालणारा. तो मालाची गाडी चालवतो आणि आठवड्यातले चार दिवस बाहेरच असतो. त्याचं बरं आहे.

दोन वर्षांपूर्वी एका प्रकाशक बाईंनी पुस्तक काढायचं कबूल केलं. सासरे इतके खूश झाले, की त्या दिवशी त्यांनी मला स्वतःहून चहा करून दिला. साखर घालायला विसरले, पण दिला. बाईंची अट एकच, मागे उत्तरं हवीत. उत्तरांशिवाय कोड्यांचं पुस्तक कोण घेणार? बरोबरच होतं त्यांचं. सासऱ्यांनी कसाबसा दंडक मोडायचं ठरवलं आणि तोवर घोडं दुसरीकडेच अडलं. डॉक्टरांनी त्यांच्या डोक्याचे फोटो काढले, आम्हाला दाखवले आणि आता हळूहळू विसरत जातील म्हणून सांगितलं.

मी वही घेऊन बसले. "बाबा, याचं उत्तर काय?" ते भिंतीकडे बघायचे. "आहे, आहे," म्हणायचे, आणि पुढे काही नाही. आठवडाभरात एकही उत्तर निघालं नाही. मी मेटाकुटीला आले. घरकाम, गिऱ्हाइकं, त्यांचं औषधपाणी, वर हे.

मग एक दिवस काय झालं, माझ्या तोंडात टाचण्या होत्या आणि कार्डावर असं होतं: सकाळी धन्याहून लांब, दुपारी त्याच्या पायाशी लोळण, संध्याकाळी पुन्हा लांब, आणि अंधार पडला की साथ सोडून जाते. मी वैतागून म्हटलं, "बायको असेल."

खुर्चीतून गर्जना झाली. "मठ्ठ! बायको दुपारी पायाशी लोळते? कुठल्या घरात? सावली आहे ती, सावली! अर्थ वाचायचा असतो, नुसता ओलांडायचा नसतो."

मी टाचण्या काढून वहीत लिहिलं, सावली.

तेव्हा मला कळलं. विचारलं तर त्यांना आठवत नव्हतं, पण चुकलेलं ऐकवत नव्हतं. छत्तीस वर्षं चुका खोडलेला माणूस. चूक समोर आली की उत्तर कुठूनतरी आपोआप वर यायचं. मग मी तेच धरलं. आठवड्याला चार-पाच कार्डं, आठवड्याला चार-पाच चुका.

ऐकायला सोपं वाटतं, पण नाकी नऊ आले. फार मूर्ख उत्तर दिलं की त्यांना थट्टा वाटायची आणि ते तोंड फिरवून बसायचे, की तो दिवस वाया. चूक अशी हवी, की विद्यार्थी खरोखर करेल. निम्मं बरोबर, निम्मं ढ. म्हणजे आधी मला अर्थ नीट लागायला हवा, जमलं तर उत्तरही, आणि मग त्याच्या शेजारचं काहीतरी शोधायचं. हेमिंग करता करता मी दिवसभर चुका तयार करायचे. आणि त्या बदल्यात काय, तर मठ्ठ, ठोंब्या, डोक्यात बटाटे भरलेत का. गिऱ्हाइकांसमोर. एक बाई कोट घ्यायला आली होती, ती जाताना हळूच म्हणाली, "सोसता हो तुम्ही." मी म्हटलं, "नाही हो, आमचा अभ्यास चाललाय." खरं सांगते, रागही यायचा. लग्नाला सतरा वर्षं झाली, या माणसाने एका शब्दाने कधी कौतुक केलं नव्हतं, आणि आता मी मुद्दाम बोलणी खात होते.

दहा महिन्यांत दोनशे दोन झाली. राहिली अडतीस. प्रकाशक बाईंचा फोन यायचा, महिनाअखेर सगळं छापायला जायला हवं. सासरे मधूनमधून विचारायचे, "पुस्तक आलं?" मी म्हणायचे, येतंय.

काल दुपारी मी फार दमले होते. सकाळपासून एका शाळेचे तीस गणवेश उसवून शिवले होते, मान धरली होती. कार्ड काढलं. दोघी शेजारणी, मध्ये एक भिंत, जन्मात एकमेकींना पाहिलं नाही, पण रडायच्या तेव्हा दोघी एकदम रडतात. डोळे, हे शेंबडं पोरही सांगेल. शेजारची चूक शोधायला डोकं चालेना. म्हटलं चिडले तर चिडले, उद्या बघू.

"कान," मी म्हटलं.

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरोबर," ते म्हणाले. "शाब्बास. शिकलीस तू."

मी मशीनवरचा पाय काढला. मला वाटलं, त्यांना नीट ऐकू गेलं नसेल. मी कार्ड पुन्हा वाचलं, सावकाश. पुन्हा म्हटलं, कान.

"हो, कानच."

"बाबा, कान रडतात का?"

ते जरा घाबरल्यासारखे झाले. मग समजुतीने म्हणाले, "तू म्हणतेस तर रडत असतील."

सतरा वर्षांत या माणसाने माझं एक म्हणणं मान्य केलं नव्हतं. भाजीत मीठ किती, इथपासून. मला शाब्बासकी हवी होती, नाही असं नाही. पण अशी नको होती. मला इतकं वाईट वाटलं, की पुढचं कार्ड काढून मी तद्दन वेड्यासारखं काहीतरी सांगितलं, चिडावं म्हणून. तेही बरोबर निघालं. त्याच्या पुढचंही.

मी वहीत माझ्या मनाने लिहिलं, डोळे. लिहिताना हात थांबला. एवढं सोपं होतं, तरी थांबला. आजवर वहीतला प्रत्येक शब्द त्यांनी ओरडून दिलेला होता. आता मी चुकले तर सांगणारं कुणी नाही.

फोन वाजला. प्रकाशक बाई. "किती राहिली?"

"सदतीस."

"बाबांना विचारून होतील ना?"

"होतील," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार.

फोन ठेवला तर सासरे कार्डांच्या पेटीकडे बघत होते. "पुढचं?" त्यांनी विचारलं.

मी पुढचं काढलं. मोठा श्लोक होता, खालचा अर्थही घोळाचा. राजा, दोन दारं, न पेरलेलं शेत. मी दोनदा वाचला, तीनदा वाचला. काही सुचेना, ना बरोबर ना चूक.

"मला येत नाही, बाबा."

मी वाट पाहिली. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली, चष्मा नाकावर घेतला आणि कार्डावर माझ्याजवळ वाकले.

"मलाही नाही," ते म्हणाले. "वाच परत."